‘देता येईल’ आणि ‘दिले पाहिजे’ : स्थानिक स्वराज्याच्या कायद्याचे एक वाचन



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो ‘प्रादेशिक विकेंद्रीकरण आणि सामान्य नागरिक’ असा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. राज्यशास्त्राची किंवा कायद्याची मंडळी या विषयावर आमच्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलतील, यात शंका नाही. मग आम्ही का हो म्हटलं? तर तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक सवय असते, चांगली म्हणा नाहीतर वाईट म्हणा. तो एक शब्द घेऊन तासभर बसतो. आज आम्ही तेच करणार आहोत. कायद्यातले दोन शब्द घेणार आहोत, आणि त्या दोन शब्दांपायी आपल्या दारातल्या गटाराचं, गावातल्या शाळेचं काय होतं ते बघणार आहोत.

गटाराचा उल्लेख उगाच केला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन तुंबायला लागली. निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून शेजाऱ्यांनी अर्ज घेऊन आम्हालाच पाठवलं. संबंधित कार्यालयातले कनिष्ठ अभियंता सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज नीट वाचला. मग म्हणाले, “सर, काम आमचंच आहे. पण निर्णय आमचा नाही.” आम्ही विचारलं, “मग कोणाचा?” त्यांनी वर बोट केलं. वर म्हणजे वरचा मजला नव्हे, हे आम्हाला थोड्या वेळानं कळलं.

घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. काम आमचं, निर्णय आमचा नाही. आमच्या मते महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्याचं यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्याही समितीच्या अहवालात सापडणार नाही. विकेंद्रीकरण म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक, कामाची वाटणी. दुसरी, अधिकाराची वाटणी. पहिली सोपी असते, कारण काम वाटून द्यायला कोणाचीच हरकत नसते. दुसरी होते तेव्हा कोणाच्या तरी हातातून काहीतरी सुटावं लागतं.

दुसरी वाटणी महाराष्ट्रात कधी झालीच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही लहान असताना त्यांची शाळा स्कूल बोर्डाची होती. पावसाळ्यात शाळेची कौलं गळायची. वडील दरवर्षी जिल्ह्याला अर्ज पाठवायचे आणि दरवर्षी पोरांना गळतीच्या जागा सोडून बसवायचे. मग 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. बळवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये विकासगट, म्हणजे तालुक्याची पंचायत समिती, हा मुख्य स्तर मानला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने विचार करून वेगळं सांगितलं : जिल्हा हा मुख्य स्तर करा, आणि कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवा. परिषदेचं काम पाहायला मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा नेमा.

हे केवढं धाडस होतं, ते आज लक्षात येत नाही. इंग्रजांच्या काळापासून जिल्हा म्हणजे कलेक्टर. त्याच्या शेजारी निवडून आलेल्या माणसाची खुर्ची मांडली गेली आणि शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव तिच्याकडे गेले. शिवाय त्या वेळी राज्याचे तीन भाग तीन वेगळ्या व्यवस्थांमधून आलेले होते. पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डं, विदर्भात मध्य प्रांताच्या 1948 च्या कायद्यानं आलेल्या जनपद सभा, आणि मराठवाड्याला हैदराबाद संस्थानाचा वारसा. त्या तिघांना एकाच कायद्याखाली आणलं गेलं.

आमच्या शाळेपुरतं सांगायचं तर फरक असा पडला : परिषदेचे सदस्य शेजारच्या गावचे होते आणि सायकलवरून आमच्या वेशीतून जायचे. गावातल्या बायकांनी त्यांना एकदा अडवलं. दोन पावसाळ्यांनी कौलं बदलली. दोन पावसाळे लागले, हेही सांगतो. त्यात चमत्कार काही नव्हता. पण अर्ज ज्याच्याकडे जायचा तो माणूस दिसू लागला, त्याला विचारता येऊ लागलं, आणि पुढच्या निवडणुकीत पाडता येऊ लागलं. रहिवाशाच्या दृष्टीनं विकेंद्रीकरणाचा अर्थ एवढाच आहे. बाकीचं सगळं प्रशासनाच्या सोयीचं शास्त्र.

मग हे पुढे विरत का गेलं? इथे आम्ही आमच्या दोन शब्दांकडे येतो.

आपल्या राज्यघटनेत गावाच्या कारभाराचा उल्लेख मुळात एका अनुच्छेदात आहे, अनुच्छेद 40. मूळ मसुद्यात तोही नव्हता. के. संथानम यांच्या दुरुस्तीमुळे 1948 च्या नोव्हेंबरात तो आला. त्यात म्हटलं आहे की राज्यसंस्था ग्रामपंचायती संघटित करण्यासाठी पावलं उचलेल आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल एवढे अधिकार देईल. इंग्रजी संहितेत तिथे क्रियापद ‘शॅल’चं आहे. म्हणजे दिले पाहिजेत. हे झालं कर्तव्य. पण अनुच्छेद 40 मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ती तत्त्वं न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असं घटनाच आधी सांगून ठेवते.

आता पंचेचाळीस वर्षं पुढे या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली. शहरांसाठीची 74 वी त्याच वर्षी 1 जूनला. आता पंचायती घटनेच्या मुख्य भागात आल्या, न्यायालयाचं दार उघडलं. आपण आनंदानं अनुच्छेद 243-जी वाचायला घेतो. शब्द जवळजवळ तेच आहेत : स्वराज्याच्या संस्था म्हणून काम करण्यासाठी आवश्यक ते अधिकार. फक्त क्रियापद बदललेलं आहे. राज्याचं विधानमंडळ कायदा करून ते अधिकार देऊ शकेल. ‘शॅल’च्या जागी ‘मे’. शहरांच्या 243-डब्ल्यूमध्येही हाच ‘मे’ आहे.

नीट बघा म्हणजे गंमत कळेल. गंमत कसली, दुःखच आहे. जिथे ‘दिले पाहिजे’ असं लिहिलं आहे, तिथे न्यायालयात जाता येत नाही. जिथे न्यायालयात जाता येतं, तिथे ‘देता येईल’ असं लिहिलं आहे. अकराव्या अनुसूचीत 29 विषय मांडले आहेत, बाराव्यात 18. शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचं पाणी, प्राथमिक शिक्षण, नगररचना. यादी पाहून वाटतं, सगळं दिलं की! पण ती दिलेल्या वस्तूंची यादी नाहीच. देता येतील अशा वस्तूंची आहे. लग्नाच्या याद्या करणाऱ्या मंडळींना हा फरक आमच्यापेक्षा चांगला समजेल.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘मे’ म्हणजे नकार नव्हे. केरळला हाच ‘मे’ लागू होता. तिथल्या सरकारनं 1996 मध्ये लोकनियोजनाची मोहीम काढली आणि राज्याच्या योजना-निधीचा सुमारे 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे दिला. ग्रामसभेत चर्चा, मग गटवार आराखडे, मग पंचायतीचा निर्णय. म्हणजे इच्छा असली की ‘मे’ पुरतो. पण ज्याच्या मर्जीनं मिळतं, त्याच्या मर्जीनं जातं, ही यातली दुसरी गोष्ट. घटनेनं रहिवाशाला वरच्या सरकारच्या इच्छेवर सोडलं आहे आणि आमचा आक्षेप तेवढाच आहे.

मर्जीनं काय होतं, ते आपल्याकडे पाहा. सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी? हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, दोन्ही बाजूंनी चांगलं बोलता येईल. आपल्या राज्यात 2017 मध्ये ठरलं, थेट लोकांनी. 2020 मध्ये ठरलं, सदस्यांनी. 2022 मध्ये पुन्हा थेट लोकांनी. पाच वर्षांत तीन वेळा गावाच्या कारभाराचा पाया बदलला. आम्हाला खटकतं ते हे की तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला आणि ज्यानं त्यानं आपल्या पक्षाला काय सोयीचं ते पाहिलं. गावाच्या घराचा खांब कुठे असावा, हे गावाला कोणी विचारलंच नाही.

पैशाचंही तेच. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा होतो, ही चांगली गोष्ट आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा 80 टक्के वाटा आपल्याकडे ग्रामपंचायतींना मिळाला, जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला दहा-दहा टक्के. पण गावात जाऊन ग्रामसेवकाला विचारा. तो लगेच दोन शब्द सांगेल : बंधित आणि अबंधित. 2021 पासूनच्या वर्षांत 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची आहेत, कोण नाही म्हणतो? पण ज्या गावानं ते काम आधीच केलं, त्यानं काय करायचं? एका सरपंचबाई आम्हाला म्हणाल्या होत्या, “सर, आम्हाला किराणा भरून देतात, पण पैसे हातात देत नाहीत.” संसार केलेल्या बाईलाच हे असं सांगता येतं.

शहरात हीच गोष्ट जकातीच्या रूपानं घडली. जकात वाईट कर होता. नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, भ्रष्टाचार चालायचा. ती गेली याचं आम्हाला दुःख नाही. पण तो महापालिकेचा स्वतःचा कर होता. त्याच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, मुंबईची जकात संपली, आणि नुकसानभरपाई म्हणून राज्याकडून दरमहा रक्कम मिळू लागली. रक्कम वेळेवर येते असं क्षणभर धरून चाला. तरीही कमावता माणूस आणि महिन्याच्या महिन्याला खर्ची मिळणारा माणूस यांच्यात फरक असतो. आपली राज्य सरकारं जीएसटीच्या वाट्याबद्दल दिल्लीशी भांडतात, आणि त्यांची तक्रार पुष्कळदा रास्त असते. ‘आमचे कर घेतलेत, आता आम्हाला हात पसरायला लावता’ ही ती तक्रार. तेच वाक्य महापौर मुंबईच्या मंत्रालयात जाऊन बोलले, तर मात्र ते उद्धटपणाचं ठरतं. दिल्लीपाशी संघराज्यवादी आणि गावापाशी केंद्रवादी, असं आपल्या राज्यकर्त्यांचं वागणं आहे. यात कुठल्याही एका पक्षाकडे बोट दाखवता येणार नाही.

इथपर्यंत ‘मे’ची गोष्ट झाली. तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा दोष त्या एका क्रियापदाचा. तिथे ‘शॅल’ असता तर भागलं असतं. आम्हालाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. गेल्या चार-पाच वर्षांनी आमचा तो समज मोडला.

कारण घटनेच्या याच भागात एक अगदी स्वच्छ ‘शॅल’ आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. नगरपालिकांनाही तेच. ‘शक्यतो’ नाही, ‘परिस्थिती पाहून’ नाही. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची आणि बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, आणि तो खरा प्रश्न होता, हे मान्य. त्यात प्रभागरचनेचा घोळ घातला गेला. एका सरकारनं केलेली रचना दुसऱ्यानं बदलली. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा. मग 2025 च्या डिसेंबरात नगरपरिषदांचं आणि 2026 च्या जानेवारीत महापालिकांचं मतदान झालं. मधली साडेतीन वर्षं आणि वर, देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार एका प्रशासकाच्या सहीनं चालला.

याचा रहिवाशावर काय परिणाम होतो, याचं पुण्याच्या कडेची तेवीस गावं हे उदाहरण आहे. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, खडकवासला वगैरे. 2021 च्या जूनअखेर ती पुणे महापालिकेत आली. आली म्हणजे काय झालं? ग्रामपंचायत गेली. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. बांधकामाच्या नियोजनाचं काम त्या वेळी पीएमआरडीएकडेच ठेवलं गेलं. आणि नऊ महिन्यांत महापालिकेची मुदत संपली. म्हणजे त्या रहिवाशांना जुन्या घरातून काढलं आणि नव्या घराला कुलूप. 2026 पर्यंत, साडेचार वर्षं, त्यांनी स्वतः निवडून दिलेला एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता. टँकर येतच होते, मिळकतकराची बिलंही येत होती. यायचं थांबलं होतं ते फक्त उत्तर.

आणि आता आम्हाला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगतो. या साडेतीन-चार वर्षांत रस्त्यावर कोण उतरलं? इच्छुक उमेदवार थोडे अस्वस्थ होते. वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख आले. बाकी आपण सगळे शांत. उलट आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर, जिथे सगळे शिकलेले, पेन्शनर लोक असतात, तिथे एकजण म्हणाले, “बरं झालं नगरसेवक नाहीत. कमिशनर बरा कारभार करतो.” कोणी विरोध केला नाही. आम्हीही केला नाही. घटनेतलं ‘पाहिजे’ मोडलं गेलं आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं त्यांना ते मोडल्याचं जाणवलंही नाही. मग दोष क्रियापदाचा कसा म्हणायचा?

इथे आम्हाला कांट आठवतो. 1784 साली त्यानं ‘प्रबोधन म्हणजे काय’ या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा सारांश असा की माणूस अज्ञान राहतो, म्हणजे कायद्याच्या भाषेतला अज्ञान, सज्ञान न झालेला, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या आधाराशिवाय ती वापरायचं धैर्य होत नाही म्हणून. आणि ‘तुझ्या वतीनं आम्ही पाहतो’ म्हणणारे पालक त्याला नेहमीच मिळतात. आळस आणि भीती या दोन्हींमुळे ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची होते.

पालक हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याला पालकमंत्री असतो. घटनेनं जिल्हा नियोजन समिती सांगितली, तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या पंचायती आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत अशी तजवीज केली. हेतू असा की जिल्ह्याची योजना खालून वर जावी. अध्यक्ष कसा निवडायचा ते राज्यावर सोडलं. राज्यानं तिथे पालकमंत्री बसवला आणि कलेक्टर सचिव झाला. 1962 मध्ये ज्या कलेक्टरला नाईक समितीनं प्रयत्नपूर्वक बाहेर ठेवलं होतं, तो दुसऱ्या दारानं आत आला. आणि शब्द बघा. जिल्ह्याला पालक लागतो म्हणजे जिल्हा कोण झाला? आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही विचारायचो, तुम्ही अठरा वर्षांचे झालात, मत देता, मग तुमच्या जिल्ह्याला पालक कशाला? पोरं हसायची.

प्रदेशाच्या पातळीवरही हेच झालं. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या मागासलेपणाची चर्चा नागपूर कराराच्या, म्हणजे 1953 च्या काळापासूनची आहे. 1984 मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला. 1994 मध्ये अनुच्छेद 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. तिथेही मुळात क्रियापद ‘मे’चंच, आणि जबाबदारी राज्यपालांची. मंडळांची मुदत 2020 च्या एप्रिलअखेर संपली. आमची टीका अशी : या साऱ्या चर्चेत प्रदेश म्हणजे हिशेबाचं खातं झालं. किती किलोमीटर रस्ता कमी, किती हेक्टर सिंचन कमी. हा हिशेब हवाच, तो नसता तर अन्याय दिसलाही नसता. पण हिंगोलीच्या शेतकऱ्याला अनुशेषाची रक्कम कळली, तरी ती कुठे खर्च करायची हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्याला जागा मिळाली नाही. कमतरता मोजली जाते तेव्हा माणूस लाभार्थी होतो. अधिकार मोजला तर तो नागरिक होतो.

आता एक मोठा आक्षेप. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल, कारण तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गुणगानावर कडक टीका केली. त्याआधी 1932 मध्ये, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांनी हाच धोका दाखवला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : खेड्याला सत्ता देता म्हणजे कोणाला देता? गावकुसाबाहेरच्या माणसाला मुंबईतला साहेब परका असेल, पण गावचा पाटील ओळखीचा असतो, आणि तीच अडचण असते. सत्ता जवळ आली की तिचा हातही जवळ येतो.

या आक्षेपाला ‘आता काळ बदलला’ असं उत्तर देऊन चालणार नाही. रेशनच्या रांगेपासून स्मशानाच्या जागेपर्यंत तो अजून खरा ठरतो. पण त्यातून विकेंद्रीकरण नको हा निष्कर्ष निघत नाही, असं आम्हाला वाटतं. बाबासाहेबांचा प्रश्न सत्ता कोणत्या मजल्यावर असावी एवढाच नव्हता. त्या मजल्यावर दुबळ्याच्या हातात काय असेल, हा होता. 1932 मध्ये त्यांनी पंचायतीत अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व मागितलं होतं. 73 व्या दुरुस्तीनं ते अनुसूचित जाती-जमातींना दिलं, स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. आणि लक्षात घ्या, हे आरक्षण ‘शॅल’मध्ये आहे, ‘मे’मध्ये नाही. म्हणजे जिथे बळकटाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही असं घटनाकर्त्यांना पटलं, तिथे त्यांनी कर्तव्याचंच क्रियापद वापरलं. पण ज्या संस्थेत ती बाई निवडून आली त्या संस्थेलाच अधिकार नसतील, तर आपण तिला खुर्ची दिली आणि टेबल काढून घेतलं. बाबासाहेबांचा आक्षेप पुरता मानायचा तर संरक्षण आणि अधिकार दोन्ही एकदम द्यावे लागतील.

‘मे’नं भागत नाही, ‘शॅल’ही मोडता येतो. मग काय? उत्तर नाही, पण उत्तराची दिशा आम्हाला गडचिरोलीत दिसली. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं चार-पाचशे वस्तीचं गोंड गाव आहे. पुष्कळांनी नाव ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं त्या गावानं अभ्यासगट चालवले, बहुमताऐवजी सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावून घेतली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू वाहून न्यायचा परवाना देण्यावरून वनखात्याशी वाद चालूच राहिला. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, 1927 चा जुना कायदा त्याला झाड म्हणत होता. शेवटी 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

या गोष्टीचं कौतुक पुष्कळ झालं, त्यात भर घालायची नाही. आम्हाला त्या कायद्याचं नाव वाचायचं आहे. 2006 चा तो कायदा वनहक्कांना ‘मान्यता’ देण्याचा कायदा आहे. हक्क ‘प्रदान’ करण्याचा नाही. हा फरक साधा नाही. प्रदान म्हणजे माझ्याजवळ होतं, मी तुला दिलं. मान्यता म्हणजे तुझंच होतं, मी पाहायला उशीर केला. त्या कायद्याची प्रस्तावना ऐतिहासिक अन्यायाची कबुली देते, ती याच अर्थानं. आणि हक्क कोणाचा, किती, हे ठरवण्याची सुरुवात तो ग्रामसभेकडे देतो. 243-जीमध्ये विधानमंडळ दाता आहे आणि पंचायत याचक. वनहक्क कायद्यात गाव दावा करतं आणि सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

म्हणून कोणी म्हणेल, कायदा बदलला की झालं. पण तो कायदा साऱ्या देशाला लागू होता आणि पहिल्या काही वर्षांत फार थोड्या गावांनी त्याचा असा उपयोग केला. मेंढ्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षांचा अभ्यास होता. कायद्यातली ‘मान्यता’ आणि लोकांची दावा करण्याची तयारी, दोन्ही लागतात. मेंढा लहान आहे, एकजिनसी आहे, जंगलासारखी ठोस वस्तू त्याच्याजवळ आहे. नऱ्ह्याच्या किंवा वाघोलीच्या सोसायटीत कोण दावा करणार आणि कशावर, हा प्रश्न अवघड आहे, हे आम्हाला कळतं. पण अवघड आहे म्हणजे तो नाही असं नव्हे.

तेव्हा यापुढे विकेंद्रीकरणाची कुठलीही घोषणा ऐकलीत, नवं प्राधिकरण असो, नवं मंडळ असो, नवा जिल्हा असो, तर तीन प्रश्न विचारा, एवढंच आमचं सांगणं आहे. पहिला : दिलेला अधिकार परत घेताना आम्हाला विचारावं लागेल का? दुसरा : येणाऱ्या पैशातला किती अबंधित आहे? तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : माझं काम झालं नाही तर ‘का?’ हे कोणाला विचारायचं, आणि उत्तर नाही मिळालं तर त्याला मी बदलू शकतो का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर ती कामाची वाटणी आहे. तिला स्वराज्य म्हणू नका.

शेवटी स्वतःबद्दल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या तारखा आमच्या मूळ गावी पोरासोरांना पाठ आहेत. आम्ही स्वराज्य या संकल्पनेवर पस्तीस वर्षं व्याख्यानं दिली. गावच्या ग्रामसभेला किती वेळा गेलो? दोनदा. आणि दोन्ही वेळा कोरम नव्हता म्हणून चहा घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा जायला हवं होतं. शहरातल्या वॉर्डाच्या सभेची चौकशीसुद्धा कधी केली नाही. त्या कनिष्ठ अभियंत्यानं वर बोट दाखवलं तेव्हा आम्हाला राग आला होता. आता वाटतं, त्यानं निदान दिशा तरी दाखवली. निर्णय आमचा आहे असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, मग तो तरी खाली कशाला बोट दाखवेल?

आता प्रश्न असतील तर विचारा. आमची गटाराची लाइन अजून तुंबते का, हा प्रश्न सोडून. तिचं उत्तर देण्यासाठी येत्या सोमवारी आम्ही पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहोत, या वेळी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन.